न सापडल्याची नोंद

यशाची नोंद ठेवावी, हे कोणास शिकवावे लागत नाही. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव पेढ्यांबरोबर घरोघर पोचते. यात्रेहून परतलेला मनुष्य दर्शन कसे घडले ते दहा जणांस सांगतो. शिखर गाठणारा तर तेथील दगडावर आपले नाव कोरूनच खाली उतरू पाहतो. परंतु जो अर्ध्या वाटेवरून परतला, ज्याने शोधले आणि ज्यास सापडले नाही, तो बहुधा गप्प बसतो. या गप्प बसण्यात काही दोष आहे काय? शोध निष्फळ झाला तर तसे सर्वांच्या वहीत लिहून ठेवणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे, की तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे? आणि शोध पुरा न करताच सोडून दिला असेल, तर प्रामाणिक मनुष्याने काय लिहावे? या प्रश्नांचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न गंभीर आहे; परंतु त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते एका खेळाचे. याचे कारण असे की, जेथे पैसा, पद वा परीक्षेचे गुण यांपैकी काहीच पणाला लागलेले नसते, तेथे मनुष्याची सचोटी अधिक निर्भेळ स्वरूपात पाहावयास मिळते. ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्यात बक्षीस नाही, शोधाच्या जागी उभा राहून पाहणारा पंच नाही, आणि खोटे लिहिणाऱ्यास फारशी शिक्षाही नाही. तरीही त्या खेळातील मंडळी 'न सापडल्याची नोंद केव्हा करावी' या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालीत आली आहेत, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. आणि 'कॅश' हा रोख पैशांचा शब्द नव्हे, तर लपवून ठेवलेला साठा या अर्थाचा मूळ फ्रेंच शब्द. उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील कोणत्याही स्थळाचे अक्षांश-रेखांश सांगणारी जी. पी. एस. ही पद्धती अमेरिकेने उभारली. परंतु सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत लष्करी कारणांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, व त्यामुळे त्यांच्या यंत्रांनी दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक मिसळणे बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि त्याच रात्री लोकांच्या हातांतील यंत्रे कितीतरी अचूक झाली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक बादली रानात ठेवली, तीत पुस्तके, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा व आणखी काही किरकोळ वस्तू ठेवल्या, आणि तेथील अक्षांश-रेखांश संगणकाच्या जाळ्यावरून प्रसिद्ध केले. ज्यास शोधावयाचे असेल त्याने शोधावे, काही घेतल्यास काही ठेवावे, आणि आत ठेवलेल्या वहीत नाव लिहावे, एवढाच नियम. थोड्याच दिवसांत ती बादली शोधून काढणारे निघाले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी अशा पेट्यांची एक सामाईक यादी सुरू केली, तेव्हा तीत ७५ पेट्या होत्या. आज जगभर तीस लाखांहून अधिक पेट्या आहेत. तसे पाहता कल्पना याहून जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर, क्रॅनमिअर पूल या आडवळणी जागी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली होती, आणि तेथवर पोचणारे लोक आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकून जात. उपग्रह नवा, 'मी येथवर आलो होतो' हे सांगण्याची हौस जुनीच.

आता नोंदींकडे वळू. पेटी सापडली म्हणजे शोधकाने आतील वहीत नाव लिहावयाचे, व घरी येऊन सामाईक यादीतही त्या पेटीखाली 'सापडली' असे नोंदवावयाचे. शोधूनही ती मिळाली नाही, तर त्यासाठी 'सापडली नाही' अशी स्वतंत्र नोंद आहे. तिला खेळाडू इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डी. एन. एफ.' म्हणतात. याखेरीज साधी टीप लिहिता येते, आणि पेटी भिजली, मोडली वा तिची वही भरली असल्यास मालकाने लक्ष घालावे असेही कळविता येते. सापडल्याच्या नोंदीपुढे हसरा चेहरा उमटतो, न सापडल्याच्या नोंदीपुढे दुर्मुखलेला. आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला किती पेट्या सापडल्या त्याचा आकडा दिसतो. येथेच मोहाचे मूळ आहे. हसरे चेहरे सर्वांस हवेत. दुर्मुखलेला चेहरा आपल्या हाताने आपल्याच नावापुढे कोण लावून घेणार?

निष्फळ शोधाची नोंद न करणाऱ्यांची कारणे पाहिली असता ती मुख्यतः तीन आढळतात. पहिले, लाज. जी पेटी इतरांस पाच मिनिटांत सापडली ती आपल्याला तासभर खपूनही सापडली नाही, हे कबूल करणे जड जाते. दुसरे कारण दिसावयास विनयाचे आहे. 'दोष माझ्या डोळ्यांचा असेल. पेटी असेलच तेथे. उगीच मी लिहून मालकाला कशास घोर लावावा?' असे मनुष्य म्हणतो. तिसरे कारण आळसाचे, परंतु ते आशेचा वेष घेऊन येते: 'पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, सापडली म्हणजे एकदमच लिहू.' तो रविवार बहुधा उगवत नाही.

या तीनही कारणांत वरकरणी कोणाचे नुकसान दिसत नाही. परंतु समजा, नदीकाठच्या एका झाडाच्या ढोलीत पेटी आहे, आणि एके वर्षी पुराने ती वाहून गेली. त्यानंतर एकामागून एक सात जण तेथे आले, चिखलात उभे राहून त्यांनी ढोली चाचपली, आणि हात हलवीत परत गेले. कोणीही काही लिहिले नाही. यादीत शेवटची नोंद राहिली ती पुरापूर्वीची, 'सहज सापडली' अशी. आठव्या खेपेस एक बाप आपल्या दोन लहान मुलांना घेऊन दूरच्या गावाहून येतो. त्याने यादी पाहिलेली असते; पेटी सोपी आहे, मुलांना आनंद होईल, असा त्याचा हिशेब असतो. त्या मुलांचा हिरमोड कोणी केला? पुराने नव्हे. पुराने पेटी नेली. खोटी आशा ठेवली ती सात जणांच्या मौनाने. आणि मालक? तो बिचारा घरी निर्धास्त बसलेला आहे. आपली पेटी नाहीशी झाल्याचे त्याला कळण्याचा मार्ग एकच होता, व तो मार्ग सात जणांनी आपापल्या परीने बंद केला.

यावर कोणी म्हणेल, 'आम्ही खोटे तर बोललो नाही. केवळ बोललो नाही.' मौन म्हणजे असत्य नव्हे, हे सर्वसाधारणतः खरे आहे. आपल्या मनातील प्रत्येक गोष्ट प्रत्येकास सांगण्याचे बंधन कोणावर नाही. परंतु जेथे अनेकांनी मिळून एक नोंदवही चालविलेली असते, आणि जो तो तीवर भरवसा ठेवून पाऊल टाकतो, तेथे मौनाचा अर्थ बदलतो. मागच्यांनी लिहून ठेवले म्हणून आपण त्या झाडापर्यंत पोचलो. हे त्यांचे आपल्यावरील ऋण होय. ते फेडावयाचे ते मागे वळून नव्हे, तर पुढच्यांसाठी लिहून. ज्याने यादीतून घेतले आणि तीत काही घातले नाही, त्याने खोटा शब्द उच्चारला नसेल, परंतु वही मात्र खोटी केली. ज्या वहीत केवळ यशेच लिहिली जातात, तिच्यातील प्रत्येक ओळ खरी असूनही सबंध वही असत्य बोलते. हा विचित्र परंतु यथार्थ प्रकार आम्हांस या प्रश्नाचा गाभा वाटतो.

आता त्या विनयी आक्षेपाकडे येऊ. 'मला सापडली नाही याचा अर्थ ती तेथे नाही असे थोडेच?' हा आक्षेप टाकाऊ नाही. उलट त्यात सत्याचा मोठा अंश आहे. आपल्या दर्शनकारांनी या विषयाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, या न दिसण्यावरूनच 'येथे घट नाही' असे ज्ञान होते, असे त्यांचे म्हणणे. परंतु लगेच ते एक अट घालतात. न दिसणे हे प्रमाण केव्हा? वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हा. लख्ख उजेडात घट दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येते. काळोखात दिसला नाही, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. म्हणजे 'दिसले नाही' आणि 'नाही' या दोहोंमध्ये एक पूल आहे, आणि तो पूल उजेडाचा आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे आक्षेपाचे उत्तर त्यातच सापडते. 'सापडली नाही' ही नोंद पेटीविषयीचा निकाल नव्हे. ती शोधकाने आपल्या शोधाविषयी दिलेली साक्ष आहे. साक्षीदाराने न्यायाधीश होऊ नये, पण साक्ष देण्यासही चुकू नये. 'सायंकाळ झाली होती, दहा मिनिटे पाहिले, ढोलीत हात घातला, मुळांखाली पाहिले नाही, मिळाली नाही' असे जो लिहितो तो मालकास घोर लावीत नाही. उजेड किती होता ते तो सांगतो. निकाल मालकाने करावा. पेटी अवघड असेल तर तो हसून सोडून देईल. सोपी असेल आणि लागोपाठ तिघांनी असे लिहिले असेल, तर तो उठून पाहून येईल. स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास असणे चांगले. परंतु त्या अविश्वासासह लिहावे, त्याच्या आड दडू नये.

हा विषय खेळापुरता नाही, हे दाखविणारा एक प्रसंग अलीकडचा आहे. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ माणसे प्राणास मुकली. विमानातील नोंदयंत्रांना ध्वनिसंकेत देणारी उपकरणे जोडलेली असतात. त्या काळी ती पाण्याखाली सुमारे महिनाभर आवाज करीत राहत. जहाजांनी अपघाताच्या आसपासचा समुद्र कान देऊन पिंजून काढला; काहीच ऐकू आले नाही. साहजिकच तो भाग 'शोधून झाला' असे धरून पुढे २००९ व २०१० मध्ये मुख्यतः अन्यत्र शोध घेण्यात आला. तोही निष्फळ ठरला. अखेर गणितज्ञांनी झालेल्या सर्व निष्फळ शोधांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि एक साधा प्रश्न विचारला: ध्वनी ऐकू आला नाही हे खरे, परंतु दोन्ही उपकरणे बंदच पडली असतील तर? तसे धरले तर प्रथम ऐकून सोडून दिलेला भागच सर्वांत संभवनीय ठरत होता. तेथे पुन्हा शोध सुरू झाला आणि आठवड्याभरातच, ३ एप्रिल २०११ रोजी, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष सापडले. जवळजवळ दोन वर्षे मृतांची कुटुंबे ज्याची वाट पाहत होती ते काळोखात ठेवलेल्या घटाप्रमाणे तेथेच होते. यातून दोन गोष्टी निघतात. न ऐकू येण्यावरून 'नाही' असे मानणे ही चूक झाली. परंतु ती चूक दुरुस्त करता आली, याचे कारण निष्फळ झालेला प्रत्येक शोध कोठे, कोणत्या साधनाने, किती घेतला हे कोणीतरी लिहून ठेवले होते. नुसते 'पाहिले, नाही' एवढेच लिहिले असते, तर पुन्हा विचार करण्यास आधारच उरला नसता.

आता राहिला तो अधिक नाजूक प्रश्न: सोडून दिलेल्या शोधाचा. मनुष्य घरून निघतो, आणि पावसामुळे पायथ्यापासूनच परततो. कोणी ठिकाणावर पोचतो, परंतु तेथे लोकांची वर्दळ असते. खेळाबाहेरच्यांच्या देखत पेटी काढू नये असा संकेत असल्यामुळे तो हात न लावताच निघून जातो. कोणी पाच मिनिटे पाहतो, आणि मूल रडू लागले म्हणून शोध टाकतो. यांनी 'सापडली नाही' असे लिहावे काय? खेळाडूंत याविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, शोधण्याच्या हेतूने घर सोडले की शोध सुरू झाला. पेटी हाती न येता परतलात तर नोंद केलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, स्थळावर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून 'सापडली नाही' म्हणणे ही दिशाभूल आहे. कारण अशा नोंदी साचल्या की पेटीच नाहीशी झाली असा समज होतो. यादी चालविणाऱ्यांनी तर नोंदींवरून पेटीच्या स्थितीचा अंदाज बांधणारी गणिती रीतही ठेवली आहे, आणि तो अंदाज वाईट आला तर मालकास सूचना जाते.

आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. तथापि पहिल्या पक्षाच्या मागचा हेतू आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. जेथे डोळ्यांनी व हातांनी शोधले तेथे 'सापडली नाही' असे लिहावे, मग शोध पाच मिनिटांचा का असेना. जेथे शोध घडलाच नाही तेथे साधी टीप लिहावी. परंतु लिहावी अवश्य. 'ओढ्याला पाणी होते, पलीकडे जाता आले नाही' ही टीप पेटीविषयी काही सांगत नाही, परंतु वाटेविषयी सांगते, आणि उद्या येणारा कदाचित याच टिपेमुळे एक दिवस थांबेल. शीर्षक कोणते लावावे याचा वाद दुय्यम आहे. शीर्षकाखालचे वाक्य घडलेल्या गोष्टीइतकेच असावे, तीहून मोठे नको आणि तीहून लहान नको.

अर्धवट शोधास पुऱ्या शोधाचे नाव देणे हा दोष तर आपल्या घरोघरी घडतो. आई मुलास सांगते, 'कपाटाची किल्ली कोनाड्यात आहे का बघ.' मुलगा दारातूनच मान वाकडी करून पाहतो आणि म्हणतो, 'बघितली, नाही आहे.' आई त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. मग सारे घर उपसले जाते, पेट्या उघडल्या जातात, मोलकरणीकडे संशयाने पाहिले जाते. आणि रात्री किल्ली सापडते ती कोनाड्यातच, समईच्या मागे. मुलाने कोनाडा पाहिलाच नसता तर फारसे बिघडले नसते. कोणीतरी पाहिला असता. त्याने 'पाहिला' म्हटल्यामुळे तो कोनाडा सर्वांच्या दृष्टीने बंद झाला. न शोधण्यापेक्षा अर्धवट शोधून 'शोधले' म्हणणे अधिक घातक, ते यासाठी. त्या मोलकरणीकडे ज्या नजरेने पाहिले गेले, ती नजर किल्ली सापडल्यावरही पुसली जात नाही.

नोंदीची आणखी काही पथ्ये आहेत, ती थोडक्यात सांगतो. निष्फळ शोध लिहिताना पेटीची जागा उघड करू नये. पुढच्याचा शोधण्याचा आनंद हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. 'पेटी चोरीस गेली' असा निष्कर्ष काढू नये. सापडली नाही म्हणून खिशातली नवी डबी तेथे ठेवून 'सापडली' असे लिहिणे, हा प्रकार तर जाणत्या खेळाडूंत सर्वथा निषिद्ध मानला जातो, आणि ते योग्यच आहे. कारण पुष्कळदा जुनी पेटी तेथेच असते, आणि मग मालकाने ठेवलेली एक व परक्याने टाकलेली एक अशा दोन पेट्यांत पुढच्यांचा गोंधळ उडतो. मालकाचेही कर्तव्य आहे. 'सापडली नाही' या नोंदीने त्याने रुष्ट होऊ नये, आणि ती खोडून तर मुळीच टाकू नये. निष्फळ नोंद म्हणजे त्याची निंदा नव्हे. ज्यास आपल्या पेटीची काळजी आहे त्यास ती घरबसल्या मिळालेली मदत आहे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. न सापडल्याची नोंद करणाऱ्यास तत्काळ काही मिळत नाही. आकडा वाढत नाही, कोणी पाठ थोपटीत नाही. जो बाप त्याच्या नोंदीमुळे मुलांना दुसऱ्या, अधिक चांगल्या ठिकाणी घेऊन गेला, तो आभार मानावयास येत नाही, कारण आपण कशातून वाचलो हे त्यास कळतही नाही. परंतु ज्या कर्माचे फळ अनोळखी माणसास मिळते आणि कर्त्यास केवळ थोडी लाज सोसावी लागते, त्याची योग्यता आम्ही कमी मानीत नाही. आमच्या वयाच्या तरुणांस आज आपले यश मिनिटामिनिटाला चारचौघांपुढे मांडण्याची सवय लागली आहे. त्याच हाताने कधीतरी 'येथे मी शोधले, इतके शोधले, मला सापडले नाही' असेही लिहावयास आपण शिकलो, तर आपल्या मागून येणाऱ्याची एक फेरी वाचेल, आणि आपल्या 'सापडले' या शब्दालाही अधिक किंमत येईल. ज्याची 'नाही' खरी असते, त्याच्याच 'होय' वर लोक विसंबतात.